एक गॉझ कमी

पोट शिवायला घेतलं तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांबा, सर. रक्त टिपायच्या गॉझपैकी एक कमी भरतोय."

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजले. एक आतच राहिलाय."

सर्जनची कानशिलं तापली. सगळ्यांसमोर मला थांबा म्हणते! "अहो बाई, मोजता येत नसेल तर घरी बसा. मला शिकवू नका."

"मला काय हवं ते बोला, सर. पण टाका घालू नका."

शेवटी दातओठ खात त्यांनी आत हात घातला. रक्तानं भिजलेला गॉझ बाहेर आला. पेशंट वाचला. तिथंच मिटायला हवं होतं. पण बाई खरी ठरली, हेच सर्जनना जास्त झोंबलं. आठ दिवस वरिष्ठांच्या केबिनचे उंबरे झिजवून त्यांनी सिस्टरची बदली करवली, तेव्हाच त्यांना अन्न गोड लागलं.

वर्षभरानं त्याच टेबलावर सर्जन स्वतः आडवे होते. अपेंडिक्स फुटलं होतं. भूल द्यायच्या आधी त्यांनी नव्या सिस्टरचा हात धरला.

"गॉझ नीट मोजाल ना? कमी भरला तर ओरडून सांगा हं."

तिनं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"निश्चिंत राहा, सर. त्या बाई गेल्यापासून इथं डॉक्टरांना कुणी उलटून बोलत नाही."