सोनेरी पट्ट्यांची टाइट्स

डिसेंबरात पहाटे आंबोलीचा घाट सायकलने चढायचा, तर अंगाबरोबर बसणारी उबदार टाइट्स हवीच. कणकवलीच्या दुकानात लिओन सरांच्या मापाच्या दोनच निघाल्या. एक काळी, साधी, पण पातळ. दुसरी आतून लोकरी अस्तराची, पण लालभडक आणि वर सोनेरी पट्टे! गेल्या वर्षी घाटात पोटऱ्या आखडून टेम्पोतून परतलेल्या सरांनी मुकाट्याने लाल घेतली.

"ह्यां घालून तू रस्त्यार जातलंस?" बायको जॉयस म्हणाली. "कोणी बघल्यान तर शाळेतली पोरां वर्सभर हसतली हां!"

सर अंधारातच सटकले. घाट चढला, पाय गरम राहिले. पण वरच्या चहाच्या टपरीवर दहाबारा माणसं शेकत बसलेली. सर सायकलवरून उतरले आणि गप्पा थांबल्या. सगळ्यांच्या नजरा सरांच्या पायांवर. एक म्हातारा उठून जवळ आला आणि त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागला. आता हा हसणार! सरांनी दात आवळले.



म्हाताऱ्याने बाकावरच्या दोघांना उठवलं आणि हात जोडले, "बसा राजानू, चाय घेवा. काल रात्री तुमचो दशावतार खंयच्या जत्रेक होतो?"