सरळ एक्स-रे

आमचे दातांचे डॉक्टर भारी काटेकोर. माझ्या पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांटचा स्क्रू बसवला आणि लगेच एक्स-रे काढला. स्क्रीनवर स्क्रू चांगलाच तिरपा, शेजारच्या दाताला जाऊन टेकलेला.

"सिस्टर, एक्स-रे असा वेडावाकडा कसा काढता? मशीन उजवीकडे घ्या!" डॉक्टर खेकसले.

सिस्टरनी मशीन उजवीकडे घेतलं, मग खाली घेतलं, मग माझी मानच वळवली. शेवटी एकदाचा स्क्रू अगदी ओळंब्यात दिसला, दातापासून चार हात लांब.

"याला म्हणतात अचूक काम! जा काका, निर्धास्त घरी जा."

तोंडात कापसाचे बोळे होते, म्हणून एकच विचारायचं राहिलं.



या सगळ्यात स्क्रूला हात कधी लावलात?