रुमेनाचं विरजण

कालिनाने लोकरीचं पांघरूण बाजूला केलं, बरणी जरा कलती केली. आतलं दूध डचमळलं. रात्रभर उबेत राहूनही ते दूधच राहिलं होतं.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. दुधात करंगळी बुडवायची, दहापर्यंत मोजायचं, तोवर बोट टिकलं तरच विरजण लावायचं, हे गावातल्या पोरीबाळींनाही ठाऊक. पण काल संध्याकाळी पाच वर्षांचा मित्को गुडघा फोडून भोकाड पसरत घरात आला. त्या गडबडीत तिने करंगळी न बुडवताच कढत दुधात विरजण सोडलं. ते भाजून मेलं. जुनी बरणी तर तिने कालच घासून पालथी घातली होती. चाटायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या घरातली बाई जरा हळहळली असती आणि वाटी घेऊन शेजारणीकडे गेली असती. पण हे विरजण रुमेनाचं होतं, स्तोइमेनच्या पहिल्या बायकोचं. तिला जाऊन आज दोन वर्षं झाली होती. कालच स्तोइमेनने गावच्या रीतीप्रमाणे दारावरचा जुना कागद काढून तिचा फोटो छापलेला स्मरणाचा नवा कागद चिकटवला होता. बाजारातून येताना कालिनाला आधी त्या फोटोच्या नजरेला नजर द्यावी लागे, मग कडी काढता येई.

आठ महिन्यांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा स्तोइमेन म्हणाला होता, "पडदे बदल, भांडी बदल, मला विचारूसुद्धा नकोस. तेवढी बरणी मात्र चालू ठेव. ते विरजण आहे तोवर रुमेना या घरात आहे."

माणूस मनाने चांगला. पण आपण नव्या बायकोच्या गळ्यात काय बांधतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. ही रोज पांघरुणात झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी टेबलावर हजर व्हायची. बरणीची ऊब तळहाताला लागली की कालिनाच्या अंगावर काटा यायचा.

आणि समोर बसायची बिल्याना, रुमेनाची मुलगी, मित्कोची ताई. दहा वर्षांची पोर. पहिला चमचा तिचा. तो तोंडात घेऊन ती बापाकडे बघत राहायची. बाप एक घास खायचा, डोळे मिटायचा, म्हणायचा, "रुमेनाच." मग बिल्याना आपलं वाडगं मित्कोपुढे सरकवायची आणि कोरडा पाव चावत बसायची. मध घाला, अक्रोड घाला, तिने दुसरा चमचा कधी घेतला नाही. आपल्या हातचं तिच्या घशाखाली उतरत नाही, असं कालिनाने मनाशी धरलं होतं. ते तिला फार लागायचं.

आज तर हेच दही उकडलेल्या गव्हाबरोबर थडग्यावर न्यायचं होतं.

जिना वाजला. बिल्याना वेणी घालत खाली आली आणि पायरीवरच थांबली.

"काय झालं, मावशी?"

काहीतरी थाप मारावी असं कालिनाला क्षणभर वाटलं. पण या पोरीच्या जिभेपुढे थाप टिकली नसती.

"तुझ्या आईचं विरजण मेलं गं माझ्या हातून. दूध कढत होतं. मी बोट बुडवलं नाही." तिने बरणी पुढे केली. "काय बोलायचं ते बोल मला."

बिल्याना तळघरात उतरली. कोबीच्या लोणच्याचं पिंप सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात दुकानातल्या दह्याचा डबा होता.

"वाडग्यांत वाढ," ती कुजबुजली. "बाबांची दाढी व्हायच्या आत. आणि चमचाभर विरजणाला ठेव."

"हे कुठून आणलंस?"

"एक डबा मी नेहमी ठेवते. जुना झाला की नवा." पोरीने डबा टेबलावर ठेवला. "आईचं विरजण मीच मारलं, मावशी. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी. मीपण बोट नव्हतं बुडवलं. मग गुपचूप दुकानातलं आणून लावलं. बाबांनी एक घास खाल्ला आणि ढसाढसा रडले. म्हणाले, 'रुमेनाच.' मग मी काय सांगणार होते?"

आठ महिने कालिना जिला भिऊन वागली, ती त्या बरणीत नव्हतीच. या टेबलाशी रोज सकाळी भीत बसायची ती ही पोर. बापाच्या तोंडाकडे बघत, आज ओळखतील, आज ओळखतील म्हणत.

वर नळ बंद झाला. कालिनाने दही वाढलं, चमचाभर बाजूला काढलं आणि रिकामा डबा चुलीत घातला.

स्तोइमेन दाढी करून, साबणाचा वास दरवळवत खाली आला. मागून मित्को लंगडत आला. स्तोइमेनने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"रुमेनाच," तो म्हणाला.

टेबलाखाली बिल्यानाचा गुडघा थडथडत होता. कालिनाने त्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"ताई, दे ना इकडे," मित्कोने सवयीने वाडग्याला हात घातला. "तुला कुठे लागतं!"

"हात काढ रे, खादाडा," बिल्याना म्हणाली आणि तिने दुसरा चमचा घेतला.