तीन टाळ्या

सुवा शहराजवळच्या सॉ मिलमध्ये पाळी सुटली की सगळे चटईवर बसून मोठ्या वाडग्यातला यंगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगी आणणारं पेय, प्यायचे. इसिकेली तेवढा सरळ घर गाठायचा. कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण बढती दर वेळी दुसऱ्यालाच मिळायची.

"नुसत्या करवतीशी काय बोलतोस? माणसांत बस जरा," मॅनेजर लिटियाबाईंनी सुनावलं.

तो बसू लागला. भरलेली करवंटी पुढे आली की आपली एक टाळी, पिऊन झाली की साऱ्यांच्या तीन. म्हातारा वाटिसोनी चिडवायचा, "या नवरदेव! बायकोने सोडलं वाटतं आज!"

वर्षभरात इसिकेली मुकादम झाला. त्याच आठवड्यात बाईंनी दार लावून सांगितलं, "मिल बंद होतेय. कामगारांना तू सांग. तुझ्याशी कोणी भांडणार नाही."

खरंच कोणी भांडलं नाही. वाटिसोनीने एवढंच विचारलं, "आणि तुझं रे?"

"मला दुसऱ्या बेटावर पाठवतायत, काका. तिथलीही मिल बंद करायचीय. आधी त्या लोकांत बस, म्हणाल्या बाई."

वाटिसोनीने करवंटी भरून पुढे केली. इसिकेलीने टाळी वाजवून ती घेतली, एका दमात रिकामी केली आणि त्या तीन टाळ्यांची वाट बघत बसून राहिला.