कुलूप

आमच्या घरी अबोल्याचा नियम साधा आहे: जो आधी बोलेल, चूक त्याची. या वेळी भांडण झालं ते हॉलमधल्या लिनक्सवाल्या कम्प्युटरवरून. बायको म्हणाली, "आधी बॅकअप घे, मग अपडेट कर." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." झालं! ती आपला लॅपटॉप उचलून तरातरा आतल्या खोलीत निघून गेली.

मी मोठ्या रुबाबात अपडेट सुरू केलं आणि ते अर्ध्यावरच अडकून बसलं. पुन्हा कमांड दिली, तर स्क्रीनवर उत्तर आलं, 'कुलूप लागलेलं आहे. दुसरं कोणीतरी हेच काम करत आहे.' दुसरं कोण करणार, कपाळ? घरात माणसं दोन, त्यातलं एक रुसून बसलेलं. मी कुलूप काढायचो, ते लगेच पुन्हा लागायचं. कम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच. शेवटी ऑफिसातल्या मित्राला मेसेज टाकला, तर तो शहाणा म्हणतो, 'नेटवर्कमधून कोणीतरी आत घुसलंय.'

लग्नापासूनचे सगळे फोटो त्या कम्प्युटरमध्येच होते. मी खुर्चीतून उठलो आणि स्क्रीनकडे बघून ओरडलो, "कोण आहे रे आत?"



आतल्या खोलीतून शांतपणे उत्तर आलं, "मी आहे, माझ्या लॅपटॉपवरून. बॅकअप घेतलाय, अपडेटही झालंय... आणि आधी तू बोललास!"