मधली खोली

दोघा भावांनी चुली वेगळ्या केल्या आणि बेलापूरच्या घरात मधोमध चार इंची भिंत घातली. तरी धाकट्याच्या बायकोनं, जयमालानं, मोबाईलवरून लावलेलं गाणं पलीकडं थोरल्या जावेच्या, यशोधराच्या, स्पीकरवर वाजायचं. म्हणून स्पीकरना नावं दिली, ‘जयमाला’ आणि ‘यशोधरा’.

आज भाकरी थापताना जयमालाला मोबाईलवर स्पीकरच्या यादीत तिसरंच नाव दिसलं, ‘मधली खोली’. असली खोली घरात नव्हतीच. तिनं पिठाच्या बोटानं ते दाबलं. तिचा स्पीकर गप्प झाला आणि गाणं दुसरीकडं कुठंतरी सुरू झालं.

“जाऊबाई, तुमच्याकडं वाजतंय का?”

“न्हाई गं, तुझ्याकडंच हाय की!”

दोघींनी दोन्ही बाजूंनी भिंतीला कान लावले.

“आता येतंय का ऐकू?” जयमाला कुजबुजली.

आतून कुणीतरी गाणं बारीक केलं, त्यांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.