तिसऱ्या वर्षाचे पैसे

“बाबा, तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात हे काय लिहिलंय तुम्ही?”

बाबांनी शिलाईचं मशीन थांबवलं नाही. शाळा उघडायला बारा दिवस होते आणि गणवेशाच्या शर्टांचा ढीग त्यांच्या छातीला लागला होता.

“पॉलिसी,” ते म्हणाले. “वाचता येतं ना? का तिकडच्या कॉलेजात निरक्षरांनाही घेतात?”

“कसली पॉलिसी? मी कधी ऐकली नाही.”

“तू ऐकली नाहीस म्हणजे नसते का?”

लेक फॉर्म घेऊन कापडाच्या टेबलाच्या कडेवर बसली. अमेरिकेतल्या कॉलेजने तिची अर्धी फी माफ केली होती. उरलेली अर्धी, राहणं, जेवण, पुस्तकं, हे सगळं चार वर्षं कोण आणि कशातून भरणार ते कागदांनिशी सिद्ध करायचं होतं. ते पटलं तरच व्हिसासाठी लागणारं पत्र कॉलेज पाठवणार. मुदत शुक्रवारची.

पहिल्या वर्षापुढे बँकेतली ठेव होती. दुसऱ्यापुढे मागचा गाळा विकून आलेले पैसे. दोन्हींना बँकेचा दाखला, सही, शिक्का. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षापुढे मात्र बाबांनी तो एकच शब्द लिहिला होता आणि रक्कम अशी, की पुरून उरावी. शिंप्याच्या घरात एवढं घबाड आहे हे तिला आज कळत होतं!

खाली तिनं हौसेनं एक ओळ घातली होती : पदवी समारंभ, बाबांचं जाण्यायेण्याचं तिकीट. ती खोडलेली.

“हे का खोडलंत?”

“मला विमानात मळमळतं.”

“तुम्ही कधी बसलात विमानात?”

“म्हणूनच नाही बसलो, खारूताई.”

तिला हसू आलं आणि रागही. चिकटपणाला काही सीमा! हल्ली तर माणूस जेवणातही काटकसर करत होता. स्वतःची पँट दोन महिन्यांत दुसऱ्यांदा आत घेतली होती. विचारलं तर म्हणे, सीझन आहे, संपला की अंग धरतं पुन्हा. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तेव्हापासून या माणसाशी वाद घालून कोणी जिंकलं नव्हतं. तिनं मुकाट्यानं फॉर्म पाठवून दिला.

बुधवारी सकाळी कॉलेजचं उत्तर आलं. दोन वर्षांचे कागद ठीक आहेत. पॉलिसीचे पैसे कोणत्या तारखेला मिळतील, याचं विमा कंपनीचं पत्र जोडावं.

तिनं ते वाचून दाखवलं, तसा बाबांचा पाय मशीनवर थांबला.

“तेवढं नको पाठवू,” ते म्हणाले. “लिही, वडील बघतील म्हणावं.”

“असं चालतं का कुठे? तारीख मागतायत.”

“तारीख नाही सांगता येत.”

“का नाही सांगता येत?”

बाबा सुईत दोरा ओवायला लागले.

“खोटं लिहिलंत ना? पॉलिसी-बिलिसी काही नाही. रकाना भरायचा म्हणून ठोकून दिलंत!”

“खोटं नाही. पैसे मिळतील. तिसरं वर्ष उजाडायच्या आत मिळतील.”

“तुमच्या शब्दावर कॉलेज चालत नाही बाबा! पकडले गेलो तर आहे ती जागाही जाईल. बारावीपासून जिवाचं रान केलंय मी. आणि तुम्ही असं… माझा विश्वासच उडाला तुमच्यावरचा.”

बाबांचा दोरा तीनदा सुईच्या बाजूनं गेला. त्यांचे डोळे भरलेले तिला दिसले आणि तिचं काळीज तुटलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? ती चपला घालून बाहेर पडली.

एजंटकाकांचं ऑफिस औषधांच्या दुकानाच्या वर होतं. काका बाबांच्या वर्गातले. दरवर्षी कॅलेंडर द्यायला येत आणि चहा घेतल्याशिवाय हलत नसत.

“काका, खरं सांगा,” ती दारातूनच म्हणाली. “बाबांच्या नावावर पॉलिसी आहे?”

“आहे तर!” काकांनी कपाटातून फाइल काढली. “तुझी आई गेली त्या वर्षी काढली. एक हप्ता चुकवला नाही पठ्ठ्यानं. वारस म्हणून तुझं नाव आहे, बघ.”

तिनं पाहिलं. रक्कमही तीच, शून्यांसकट. ती खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

“अगं, झालं काय?”

“मी त्यांना काय नाही नाही ते बोलले, काका. खोटारडे म्हटलं. एवढी वर्षं माझ्यासाठी भरत होते आणि मी…”

काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं डोळे पुसले. घरी जायचं, माफी मागायची आणि ढीग संपेपर्यंत बटणं लावत बसायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं. छातीवरचं मोठं ओझं उतरलं होतं.

“आता एवढं एकच पत्र द्या. पॉलिसी पिकणार कधी? तारीख हवीय कॉलेजला.”

काकांनी फाइल मिटली.

“ही पिकणारी पॉलिसी नव्हे, पोरी. माणूस आहे तोवर हिच्यातून दमडी मिळत नाही.”

“असं कसं? बाबा तर म्हणाले, तिसऱ्या वर्षाच्या आत नक्की मिळतील.”

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले, ते त्यानं तुला सांगितलंच नाही?”